आम्ही ते पुस्तक वाचलेलं नाही

किशोरवयीन मुलांची पुस्तकं शिक्षकांनी आधी स्वतः वाचावीत आणि त्यांवर एकमेकांशी बोलावं, अशी कल्पना वरच्या कुठल्याशा कार्यालयात कुणाला तरी सुचली. सुचली तेव्हा ती चांगलीच असणार. खाली जिल्ह्यापर्यंत पोचेस्तोवर तिचं प्रशिक्षण झालं होतं, म्हणजे हजेरीपट, दोन वेळचा चहा, बॅनरपुढचा फोटो आणि प्रमाणपत्र. मी अमरावतीच्या एका अध्यापक महाविद्यालयात मराठी शिकवते. अकोल्याचा वर्ग माझ्याकडे आला, कारण आमच्या विभागातल्या बाकीच्यांना पाठदुखी माझ्याआधी सुचली.

शनिवारी सकाळी बडनेऱ्याला गाडी धरायची, अकोल्याला उतरून ऑटोनं प्रशिक्षण केंद्रावर जायचं आणि संध्याकाळी परत. वर्गात अकोल्यातले, बाळापूरचे आणि तेल्हाऱ्याकडचे माध्यमिक शिक्षक होते. शनिवारची शाळा चुकत असल्यामुळे सगळे आनंदात होते. पुस्तक एकच होतं आणि ते मी निवडलं होतं. फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका लेखिकेची छोटी कादंबरी, एका बैठकीत संपावी एवढी. पहिल्या दिवशी प्रती वाटल्या आणि पुढच्या शनिवारी वाचून या म्हणून सांगितलं. एका सरांनी हात वर करून विचारलं, "मॅडम, पूर्ण?"

कादंबरीतली मुलगी नववीसाठी खेड्यातून तालुक्याच्या शाळेत येते. घरी भाजीपाल्याची शेती. मुलगी हुशार आणि बोलकी. पहिल्याच आठवड्यात मराठीचे सर फळ्यावर प्रश्न लिहितात आणि ही उभी राहून म्हणते, "मले येते." सर तिचं 'मले' तिच्याच सुरात म्हणून दाखवतात. वर्ग हसतो. वर्ग हसवता येतो हे सरांना नवीनच कळलेलं असतं, म्हणून ते तिला रोज उभं करायला लागतात. मुलगी हळूहळू शाळेत बोलणं बंद करते. पुस्तकात कुणी मरत नाही, कुणी घर सोडून पळत नाही. वर्ष संपतं, सरांची बदली होते. निरोपाच्या दिवशी सगळी मुलं सरांच्या पाया पडायला रांग लावतात तेव्हा ती रांगेतून बाजूला होते आणि घरी निघून जाते. तिथं पुस्तक संपतं.

दुसऱ्या शनिवारी मी विचारलं, "सगळ्यांनी वाचलं?" सगळे हात वर गेले. मला बरं वाटलं, आणि थोडी शंकाही आली, कारण आमच्या महाविद्यालयात परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढे हात वर जात नाहीत. मी म्हटलं, बोला मग.

पहिल्या बाई म्हणाल्या, पुस्तक फार संस्कारक्षम आहे. दुसरे सर म्हणाले, भाषा ओघवती आहे. तिसऱ्यांना पुस्तकाचं मुखपृष्ठ विषयाला साजेसं वाटलं. मग अकोल्याचे एक तरुण सर उठले. हे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटाचे प्रमुख होते आणि शर्टाच्या खिशात दोन मोबाईल ठेवत. ते म्हणाले, "मॅडम, मला सगळ्यात जास्त भावला तो वृक्षारोपणाचा प्रसंग. नायक आपल्या वाढदिवसाला शाळेच्या मैदानात कडुनिंब लावतो, तिथे डोळे पाणावतात."

वर्गभर माना हलल्या. तेल्हाऱ्याच्या एक बाई म्हणाल्या, "हो, तो कडुनिंबाचा भाग खरंच छान आहे."

मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यात नायक नव्हता, वाढदिवस नव्हता आणि कडुनिंब तर नव्हताच. मी शांतपणे विचारलं, हे कुठल्या पानावर आहे? शेवटी कळलं ते असं. या सरांनी मोबाईलमधल्या त्या सगळं जाणणाऱ्या अॅपला पुस्तकाचं नाव सांगून सारांश मागितला होता. अॅपनं ते पुस्तक कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यानं एक नायक, एक गरीब आई आणि एक झाड तयार करून दिलं. सरांनी ते गटावर टाकलं, आणि वर्गानं तो सारांश मात्र मनापासून वाचला होता. तसं पाहिलं तर त्या आठवड्यात वाचन झालं होतं.

मी रागावले नाही. रागावण्यासारखं माझ्याकडे काही अधिकाराचं पद नव्हतं. मी पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं आणि पुढची गोष्ट थोडक्यात सांगितली. 'मले येते' पाशी आले तेव्हा वर्गात एक-दोघं हसले. ते पुस्तकातल्या वर्गासारखंच हसले, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. वाचत असताना एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. हे सगळे शिक्षक चहाच्या सुट्टीत वऱ्हाडीत बोलत. "कावून बे, काल कावून नाही आला?" असं, 'का' ऐवजी 'कावून'. आणि हजेरीला उभे राहिले की बातम्या वाचल्यासारखं बोलत. दाराच्या आत एक भाषा, दाराबाहेर एक.

दुपारी गटकार्य ठेवलं. गटकार्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण होत नाही, असं परिपत्रकातच आहे. प्रत्येक गटानं कादंबरीचा शेवट वेगळा करून दाखवायचा होता. एका गटानं मुलीला जिल्हाधिकारी केलं. दुसऱ्यानं पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर बसवलं. तिसऱ्या गटात विज्ञानाचे शिक्षक जास्त होते, त्यांनी तिला परदेशात संशोधनाला पाठवलं. चौथ्यानं तिला शिक्षिका केलं आणि त्याच शाळेत त्याच वर्गावर उभं केलं. पण सरांच्या पाया पडल्याशिवाय तिला एकाही गटानं सोडलं नाही. जिल्हाधिकारी मुलगी तर लाल दिव्याच्या गाडीतून उतरून भर बाजारात सरांच्या पाया पडते, आणि सर म्हणतात, "बाळा, मी तुझ्या भल्यासाठीच तुला बोलत होतो." लाल दिवे केव्हाच बंद झालेत असं कुणीतरी म्हणालं, तेवढीच त्या शेवटावर टीका झाली.

या सगळ्यात एक माणूस कुठल्याच गटात बसला नव्हता. बाळापूरकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते ते, निवृत्तीला आलेले. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं इतकं शुद्ध की चहा मागतानाही "कृपया" म्हणत. खिडकीपाशी बसून ते माझ्या डोळ्यांसमोर पुस्तक वाचत होते. मधूनमधून पेन्सिलीनं काहीतरी खुणा करत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मॅडम, या पुस्तकाविषयी माझं काही म्हणणं आहे. ते मी योग्य ठिकाणी मांडेन."

योग्य ठिकाण म्हणजे जिल्ह्याचं कार्यालय, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. तक्रार आली होती. पुस्तकात अशुद्ध भाषेचा पुरस्कार आहे, शिक्षक या घटकाचं हेतुपुरस्सर विकृत चित्रण आहे आणि गुरूंच्या पाया न पडण्याची शिकवण आहे, अशी. खाली पानांचे आकडे आणि ओळीही दिल्या होत्या. आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "अहो, तुम्ही वाचलंय ना ते पुस्तक आधी?" त्यांच्या स्वरात असं होतं की वाचलेलं नसेल तर अजून सुटायला जागा आहे.

चौकशीला एक अधिकारी आले, तेही शनिवारीच. गृहस्थ घाईत होते, कारण त्यांना दुपारून बाळापूरला एका लग्नाला जायचं होतं. ते माझ्या खुर्चीवर बसले, पुस्तक हातात घेऊन त्याचं वजन पाहिल्यासारखं केलं आणि वर्गाला विचारलं, "या पुस्तकाचा तुमच्या मनावर काही विपरीत परिणाम झाला का?"

पहिल्यांदा व्हॉट्सअॅप गटाचे प्रमुख उठले. म्हणाले, "सर, आम्ही ते पुस्तक वाचलेलं नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, सर. कामाच्या व्यापात वेळच मिळाला नाही."

मग एकेक उठायला लागले. ज्या बाईंना पुस्तक संस्कारक्षम वाटलं होतं त्यांनी ते अजून उघडलंही नव्हतं. ओघवत्या भाषेचे सर म्हणाले, त्यांची प्रत घरी कपाटावर आहे, वर धूळ आहे, फोटो पाठवू शकतो. तिसऱ्या सरांनी मात्र मुखपृष्ठ पाहिल्याचं कबूल केलं, पण ते नाइलाजानं. आदल्या शनिवारी सगळे हात वाचलं म्हणून वर गेले होते, तेच हात आज वाचलं नाही म्हणून वर होते. मी भिंतीशी उभी राहून हे पाहत होते. इतकी वर्षं शिकवतेय, पण वर्ग एवढ्या एकमतानं आणि एवढ्या खरेपणानं बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही.

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. शेवटी ते मुख्याध्यापकांकडे वळले. "तक्रार तुमची. तुम्ही तरी वाचलंय ना?"

"तीन वेळा," मुख्याध्यापक उभे राहून म्हणाले. मग ते पुस्तकावर बोलायला लागले. सुरुवातीला ते शुद्धच बोलले. लेखिका सरांना एकदाही नाव देत नाही, सर घरी कसे आहेत ते एकदाही दाखवत नाही, सर हसतात तेव्हाच फक्त त्यांचा चेहरा वर्णन करते. हे अन्यायाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मी थक्क झाले. हे माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि भाषा हातातून सुटली. "अन् मले सांगा साहेब, त्या मास्तरनं काय वाईट केलं? पोरगी उद्या मुलाखतीले जाईन तं तिथं 'मले' म्हणून चालन का? तिथं कोणी थांबून राह्यलं हाये का तिच्यासाठी? थे लोक तं हसतही नाही, सरळ घरी पाठोतात."

सगळ्या वर्गानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. मुख्याध्यापकांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. ते खाली बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. काही दिवसांनी त्यांचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की, एक अपवाद वगळता प्रशिक्षणार्थींनी सदर पुस्तक वाचलेलं नसल्यानं कोणताही आक्षेपार्ह परिणाम झाल्याचं दिसून येत नाही; प्रशिक्षण पूर्ववत सुरू ठेवण्यास हरकत नाही. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं. वाचनाचा वर्ग कुणी वाचलं नाही म्हणून वाचला होता.

चौकशीच्या त्याच दिवशी, साहेब लग्नाला गेल्यावर, मी मुख्याध्यापकांना केंद्रासमोरच्या टपरीवर गाठलं. खरं तर मला त्यांच्यावर चिडायचं होतं. तक्रारीमुळे आठवडाभर मला झोप नव्हती. पण ते उभे राहून माझ्यासाठी बाकडं पुसायला लागले, त्यामुळे चिडायचं राहून गेलं. मी एवढंच म्हटलं, "सर, अख्ख्या वर्गात पुस्तक तुम्हीच वाचलंत."

"वाचल्याशिवाय तक्रार कशी करणार, मॅडम?" ते म्हणाले. त्यांना हे अगदी उघड वाटत होतं.

चहा आला. त्यांनी कप नुसता हातात धरला. मग म्हणाले, "मी लहानपणी बाळापूरच्या शाळेत शिकायला आलो तेव्हा माझे सरही असेच म्हणून दाखवायचे. मी 'आमी' म्हणायचो ना, 'आम्ही' म्हणता येत नव्हतं. मला फळ्याशी उभं करून तो ह म्हणायला लावायचे. सगळी पोरं हसायची. घरी येऊन मी वांग्याच्या वाफ्यात एकटा बसून तो ह म्हणायचो."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं असेल. पण मी त्यांना माफ केलं. त्यांच्यामुळेच मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ती भाषा आली, या वेळी हळू आवाजात. "म्या माफ केलं न मॅडम. मंग थे पोरगी कावून नाही करत?"

किशोरसाहित्याची उद्दिष्टं मी तोंडपाठ सांगू शकले असते, पाच आहेत, दरवर्षी परीक्षेला विचारतो आम्ही. त्यातलं एकही तिथं उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत, सर. तिला अजून राग आहे."

"हं," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायले. तक्रार मागं घेतो असं काही ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

शेवटच्या शनिवारी एक गंमत झाली. तक्रार झालेल्या पुस्तकात नक्की काय आहे हे पाहण्यासाठी बऱ्याच जणांनी ते गुपचूप वाचून काढलं होतं. चारित्र्यसंपन्न पुस्तकांना हे भाग्य लाभत नाही. काहीजण निराश होते, कारण आक्षेपार्ह म्हणजे त्यांना दुसरंच काही वाटलं होतं. कडुनिंबवाल्या तेल्हाऱ्याच्या बाईंनी तर पुढं जाऊन ते आपल्या आठवीच्या वर्गात वाचून दाखवलं होतं. त्या सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. "वाचून झाल्यावर मी पोरांना विचारलं, तुम्हाला असे सर कुठे भेटलेत का? तर एक पोरगी म्हणते, मॅडम, तुमी पण असंच करता."

वर्गात कुणी हसलं नाही.

"मी कुठं करते?" बाई म्हणाल्या. "मी फक्त सुधारते. मले सांगा, सुधारू नाही का मंग?"

खिडकीकडून मुख्याध्यापक म्हणाले, "सुधारायलाच पाहिजे."

"सुधारा न सर, पण पोरीले हसून कावून सुधारता?" बाई गर्रकन वळून म्हणाल्या. आत्तापर्यंत स्वतःची बाजू मांडत होत्या, आता त्या एकदम पलीकडच्या बाजूला गेल्या. मला वाटतं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"हसल्याशिवाय ध्यानात राहत नाही."

"तुमच्या राह्यलं न ध्यानात. लय राह्यलं, साहेबापुढं 'मले' म्हणले तेव्हा दिसलं."

मग दोघांचं जुंपलं. वर्गातले बाकीचेही त्यात पडले. वऱ्हाडी सुरू झाली ती थांबेना. कुणी म्हणालं पोरगी उद्धट आहे, कुणी म्हणालं तिचा बाप शाळेत का गेला नाही, कुणी म्हणालं गेला असता तर त्यालेही हसले असते. व्हॉट्सअॅपवाल्या सरांनी मोबाईल बाहेर काढला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. मी फळ्यावर चर्चेचे मुद्दे लिहून आणले होते, त्यातला एकही कुणी घेतला नाही. चहा आला, गार झाला, परत गेला. माझ्या वर्गातला तो एकच दिवस ज्याला मी वर्ग म्हणेन, आणि त्यात मी जवळपास काहीच केलं नव्हतं.

तीनला शिपाई बॅनर सरळ करायला आला तेव्हा सगळे भानावर आले. फोटो झाला. प्रमाणपत्रं वाटली. अभिप्रायाच्या कागदावर बहुतेकांनी लिहिलं: प्रशिक्षण संस्कारक्षम होतं, भाषा ओघवती होती, जेवणात पोळ्या कमी पडल्या. वादाबद्दल कुणी काही लिहिलं नाही. फक्त तेल्हाऱ्याच्या बाईंनी जाता जाता मला विचारलं, "मॅडम, असं एखादं पुस्तक आहे का, ज्यात शिक्षक चांगला असेल? पुढच्या महिन्यात वर्गात वाचायला." मी शोधून कळवते म्हटलं. अजून शोधतेय. चांगले शिक्षक बरेच सापडतात, पण ते बहुतेक पुस्तकांत झाडं लावतात.

पुढच्या वर्षीही वर्ग निघाला. पुस्तक या वेळी वरूनच ठरून आलं, हात धुण्याच्या सवयींविषयी, रंगीत चित्रांचं. ते सगळ्यांनी वाचलं आणि तक्रार आली नाही.

मध्यंतरी मुख्याध्यापकांचा फोन आला. ते आता निवृत्त झालेत. आधी त्यांनी आपल्या शुद्ध मराठीत माझी, महाविद्यालयाची आणि हवामानाची विचारपूस केली. मग म्हणाले, "मॅडम, ते पुस्तक मी नातीला दिलं. नववीत आहे."

"मग? काय म्हणते?"

"काय म्हणन. त्या मास्तरले नुसत्या शिव्या देऊन राह्यली. मी तिले सांगतो, बाई, त्याचं बी ऐकून घे, तं म्हणते आबा, तुमाले काही समजत नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतो? मी बी सोडत नाही तिले. रोज संध्याकाळी जेवणावर भांडतो आमी. सून वैतागली आता, म्हणते पुस्तकच लपवून ठेवीन." मग पुन्हा शुद्ध मराठीवर येऊन म्हणाले, "तुम्ही इकडं आलात कधी तर या घरी. तुमचं म्हणणं काय आहे, ते तिला सांगा."

मी येते म्हटलं.